गवंडीमामांच्या तळपायाची माती

प्रार्थनेला बसलं की डोळे मिटायचे, हे मला लहानपणापासून शिकवलं होतं आणि मी ते अर्धंच शिकले होते. पापण्यांना बारीक फट ठेवली की भक्तीही दिसते आणि समोरचं काही चुकतही नाही. त्या फटीतूनच एका गुरुवारी मला गवंडीमामांचे तळपाय दिसले. भेगांमध्ये माती होती. दाबून भरलेली, पांढरट माती. आणि गवंडीमामा तीन वर्षं खाटेवर होते. त्यांचे पाय जमिनीला लागणं शक्यच नव्हतं.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. माझं माहेर सांगलीचं. वडील नाटक मंडळींचे पडदे रंगवायचे, त्यामुळे राजवाडा, जंगल, तुरुंग असं सगळं आमच्या परसात वाळत पडलेलं असायचं. अशा घरातून मला दिली म्हसवडच्या पुढे, आटपाडीच्या वाटेवरच्या एका गावात, जिथे वाळत घालायला काही नव्हतं आणि भिजवायला पाणी नव्हतं. लग्न झालं आणि नवरा पलटणीत परत गेला. मागे मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची एक गल्ली, गल्लीच्या टोकाला आमचं देऊळ. देऊळ म्हणजे चर्चच, पण मातीच्या भिंतींचं, कौलारू, शेणाने सारवलेल्या जमिनीचं. पाळकसाहेब साताऱ्याहून महिन्यातून एकदा यायचे. एरवी कारभार पंचांचा.

देवळाच्या पाठीला एक खोली होती. तिथे गवंडीमामा आणि मामी राहायचे. देवळाची कौलं शाकारताना मामा आढ्यावरून आत पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. माणूस ताडासारखा उंच. पावलं खाटेच्या बाहेर जायची. मामी त्यांच्या कोपराला लागेल एवढी. तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक बाई भाकरीचं पीठ मळण्याआधी एक मूठ गाडग्यात बाजूला टाकायची आणि गुरुवारी ती गाडगी मामीच्या टोपलीत रिकामी व्हायची. ही मूठ भरल्या पोटातली नव्हती. पाऊस दोन वर्षं नुसता तोंड दाखवून गेला होता, आणि रेशनच्या धान्यात खडे जास्त होते. मूठ टाकताना प्रत्येकीचा हात जरा थांबायचा. मी पाहिलंय.

मुठीच्या बदल्यात गल्लीला फार काही नको होतं. फक्त साक्ष हवी होती. आमच्यात साक्षीची सभा असते. ज्याला दुःखात देवाची कृपा मिळाली, त्याने उठून सगळ्यांसमोर सांगायचं. साक्षीला उठलेल्या माणसाला अडवायचं नाही, पाळकांनीसुद्धा नाही, असा रिवाज. मग काय विचारता. एकेक साक्ष म्हणजे तीन अंकी नाटक. मी सांगलीची, मला त्यातलं कळतं. हुंदका कुठे यायचा, आवाज कुठे पडायचा, पदर कधी डोळ्याला लावायचा, हे आमच्या गल्लीने मोठमोठ्या नटांना शिकवलं असतं.

आणि ज्याच्यावर सगळ्यात मोठं दुःख कोसळलं, त्या गवंडीमामांची साक्ष काय, तर "चाललंय." पाळकसाहेब लांबलांबचे पाहुणे त्यांच्या खाटेपाशी आणायचे, विचारायचे, "या यातनेत प्रभूने तुम्हाला बळ कसं दिलं?" मामा छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "चाललंय, साहेब."

"एवढी मूठ खातोय," आत्याबाई घरी येऊन म्हणायच्या, "एक साक्ष धड देत न्हाई. बळ मिळालं म्हणायला काय जातंय त्याच्या बापाचं?"

तर ती माती. गुरुवारची प्रार्थना मामांच्या खोलीत व्हायची आणि नवी सून म्हणून माझी जागा खाटेच्या पायथ्याशी. घरी जाताना मी आत्याबाईंना सांगितलं.

त्या वाटेतच थांबल्या. "परत सांग."

"माती होती. भेगांत."

"धूळ आसंल. वाऱ्यानं आली आसंल."

"वाऱ्याची धूळ वरून बसते, आत्याबाई. ही खालून भरली होती."

त्यांनी मान डोलावली. आम्हां दोघींचं एरवी मिठावरूनही पटायचं नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही सख्ख्या मैत्रिणींसारख्या चाललो. "मी म्हणतच हुते," त्या म्हणाल्या. "नखं बघितलीस का त्याची? शेण हाय त्यात. खाटंवर पडलेल्या माणसाच्या नखात शेण कुठनं येतंय गं?"

चुली पेटेपर्यंत गल्लीत सगळ्यांना सगळं कळलं होतं. संशयाचं एक आहे, तो एकाच्या घरी शिजला तरी जेवायला सगळे बसतात. कुणी म्हणालं, पोटऱ्या अजून कशा सुकल्या नाहीत. कुणी म्हणालं, मामी हल्ली कंबर धरून चालते, एवढं काय उचलते ती? कुणी म्हणालं, त्यांच्या दारापुढचं अंगण उजाडायच्या आत झाडून स्वच्छ कसं असतं, पावलांच्या खुणा पुसायला नव्हे तर कशाला?

यात भर पडली हवालदारांची. आमचे पहिले पंच, मागच्या लढाईचे पेन्शनर, अंगाने उंचपुरे, मिशीला रोज तेल. "लामावर जायची येळ आली," ते म्हणाले, आणि लाम म्हणजे लढाई हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक होतं, "की निम्म्या पलटनीचे पाय जायाचे. पेन्शन मिळाली की परत यायाचे. असले लय बघितलेत मी."

पुढच्या गुरुवारी प्रार्थना सुरू झाली. आमच्या गल्लीत उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करणारे दोघंच होते, एक मी आणि एक हवालदार, हे मला त्या दिवशी कळलं. ते सरकत सरकत खाटेच्या पायथ्याशी आले. मुठीतून बाभळीचा काटा काढला. लांब, पांढरा, शिवायच्या सुईसारखा. "हे दयाळू बापा" चालू असताना त्यांनी तो मामांच्या तळपायात खुपसला.

मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते सगळ्यांबरोबर शांतपणे "आमेन" म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, संशय फिटला. बाहेर आल्यावर हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "गडी पक्का हाय," ते म्हणाले. "एवढा काटा गेला तरी हूं न्हाई का चूं न्हाई. साधा माणूस असता तर वरडला असता."

यावर पंचांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. संशयाला पुरावा मिळाला तरी चालतो, नाही मिळाला तर जास्तच चालतो.

मग दुःखसहनाचा आठवडा आला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर उन्हात तीन तास बसून आम्ही क्रुसावरचे सात उद्गार ऐकले, सात जणांनी त्यावर सात प्रवचनं दिली, बायका रडल्या, आणि उठल्यावर पंच देवळामागच्या पिंपरणीच्या झाडाखाली बसले. ठरलं ते असं: ईस्टरच्या रविवारी उपासनेनंतर हवालदारांनी सगळ्यांसमोर विषय काढायचा. मूठ त्या दिवसापासून बंद. खोली देवळाची आहे, ती रिकामी करून घ्यायची. पाय आहेत त्याने चालत जावं.

खोलीच्या दाराशी मामी शेणकूट थापत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण तिचा हात थांबला आणि मग परत चालू लागला.

आता इथे आमच्या देवळाच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. दर शनिवारी ती सारवायची पाळी एकेका घराची. त्या शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, पाळी आमची होती. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, तरी आमची पाळी त्या मला देत नसत. "तू सांगलीची, फरशीवर वाढलेली," म्हणायच्या आणि एकट्याच जायच्या. ईस्टरआधीच्या त्या उपासकाळात साक्षीच्या सभेत त्यांनी याच गुडघ्यांवर सगळ्या सभेला रडवलं होतं. वाकता येत नव्हतं, बसता येत नव्हतं, पण प्रभूने बळ दिलं आणि भिंतीपासून दारापर्यंत मी एकटीने सारवलं. हुंदका अगदी "एकटीने" या शब्दावर. मी मनात टाळी वाजवली होती.

पण सात उद्गारांनी घात केला. तीन तास मांडी घातल्यामुळे शुक्रवारी त्यांचा गुडघा खरोखरच धरला. आता त्यांना मला पाठवणं भाग होतं.

"उजाडल्यावर जा," त्या म्हणाल्या. "चांगली उन्हं वर आल्यावर. घाई करू नगंस."

ही बाई कोंबडा आरवल्यावर कुणाला अंथरुणात राहू देत नसे. मी अंधुक उजेडालाच बादली उचलली.

देवळाच्या जवळ आले आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. समोरून मामी येत होती. वाकलेली, जवळजवळ जमिनीला समांतर. तिच्या पाठीवर मामा होते. त्यांचे लांब हात तिच्या गळ्यात होते आणि लांब पाय तिच्या मागे मातीत घासत येत होते, नांगराच्या फाळासारख्या दोन रेघा ओढत.

खरं सांगते, मी थोडी हिरमुसले. ते चालत आले असते तर केवढा प्रवेश झाला असता.

"घोडं आज लय धापा टाकतंय," मामा म्हणत होते.

"बसणाऱ्याचं वजन वाढलंय. मुठीच्या पिठावर एवढं कोण चढतं?"

"तुझ्या हातच्या भाकरीनं."

"आवं, गोड बोलू नका. पाय वर घेता येत न्हाईत तर निदान तोंड तरी मिटा. मी हसले की माझी पकड सुटती."

उंबरा ओलांडून तिने त्यांना आतल्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. शेणाची बादली पुढे ठेवली, पाणी शिंपडलं. आणि मामा सारवायला लागले. हात फिरला की शेणाची एक मोठी अर्धगोल कमान उठायची, मग ते दोन्ही तळहात टेकून स्वतःला मागे रेटायचे आणि पुढची कमान. पाय पुढे आपोआप ओढत यायचे. पुरुषमाणूस सारवताना मी जन्मात पाहिला नव्हता. नाटकातही नाही.

"सलाम, मामा," मी दारातून म्हटलं.

हात जागीच थांबला. मामीने पदर डोक्यावर ओढला. "तू एवढ्या लवकर कशी? तुझी सासू तर..."

मी आत आले. "आत्याबाई उन्हं वर आल्यावर येतात आणि सारवलेलं बघून परत जातात. असंच ना?"

"सगळ्याच जात्यात," मामा म्हणाले. "येत्यात, बघत्यात, इकडंतिकडं बघत्यात, बादलीत हात बुडवत्यात आन् जात्यात."

"सगळ्या? गल्लीतल्या? म्हणजे सगळ्यांची पाळी तुम्हीच करता?"

"पाळी त्यांचीच. हात तेवढा माझा."

"आणि कुणी विचारलं नाही?"

"सारवलेल्या जमिनीला कोण इचारतंय," मामी म्हणाली, "तुला कुणी सारवलं म्हणून."

मी पंचांचं सांगितलं. त्यांना माहीत होतं. मामीने पदराच्या गाठीतून बाभळीचा तो काटा काढून दाखवला. "ह्यो बी ठाव हाय. गुरुवारी रगत दिसलं तवा पायातनं उपसला."

"बायबलात पत्रं लिवणाऱ्या प्रेषिताच्या अंगात काटा व्हता म्हणत्यात," मामा म्हणाले. "मी हिला म्हणलं, मला बी आला. आता पत्रं तेवढी लिवायची ऱ्हायली."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग उद्या सगळं सांगून टाका, मामा. खोली जाईल."

"काय सांगू? बाप्या माणूस बायकांचं काम करतोय म्हणून हसतील, हसूंद्यात. पर तुझ्या सासूनं भर देवळात गुडघ्याची साक्ष दिली हाय. तिला मी खोटी पाडू? ह्या सगळ्या बायकांना? त्यांच्याच मुठीवर तीन वर्सं जगलोय."

"खोली जाईल म्हणत्यात," मामी जमिनीवर पाणी शिंपडत म्हणाली, माझ्याकडे न बघता. "जाऊन कुठं निजायचं, त्ये इचार त्यांना. माझ्या पाठीवर घर न्हाई बांधता येत."

मामांनी देवळाच्या मधल्या एका जागेवर तळहात ठेवला. "मी हितं पडलो. वरनं. तवा देव कुठं व्हता, मला ठाव न्हाई. साहेब म्हणत्यात, दुःखातनं कृपा मिळती, बळ मिळतं. मी खाटंवर वाट बघितली. वरीसभर बघितली. न्हाई मिळालं. मग हिला म्हणलं, पडलो ती जागा तरी दाव. हिनं पाठीवर घेतलं आन् हितं आणून ठेवलं. सारवून बी जमीन अजून उखणलेलीच व्हती, माझ्याच पडण्यानं. गवंड्याचा हात, आपसूक फिरला. सारवून झाल्यावर बसलो आन् वाटलं, हितं कुणीतरी हाय. माझ्या जवळच बसलंय. त्याला 'मला उठीव' म्हणायला बी सुचलं न्हाई." ते माझ्याकडे वळले. "दर शनवारी वाटतं. खाटंवर न्हाई, हितंच. आता एवढ्याला साक्ष म्हणत्यात का, तूच सांग."



मी त्यांच्या पुढची बादली उचलली. "उरलेलं निम्मं माझं," मी म्हटलं. "पाळी आमची आहे."

"तुला येतंय का?"

"नाही."

"बरं, पर कुणाला काई सांगणार न्हाईस ना?"

"तोंडाने नाही सांगणार," मी म्हटलं, आणि तो शब्द मी पाळला.

माझे वडील म्हणायचे, पडद्यावरचं आभाळ बघून सांगता येतं की रंगवणारा किती उंच होता. हात जेवढा पोचतो तेवढाच ढग. रविवारी सकाळी आमच्या देवळाची जमीन अशीच दोन हातांची होती. पुरुष बसतात त्या बाजूला मोठ्या, संथ, एकसारख्या कमानी. बायकांच्या बाजूला माझं काम: लहान लहान कमानी, मध्ये गुठळ्या, आणि कितीही मागे सारल्या तरी प्रत्येक कमानीला बांगड्यांच्या बारीक रेघा. सतरंजी फक्त पाळकांना आणि पंचांना. बाकी सगळे जमिनीवरच.

आत्याबाई काठी टेकत आल्या, बसल्या आणि बसल्याबरोबर जमिनीवर तळहात फिरवला. तोंड वाकडं केलं. मग पलीकडे, पुरुषांच्या बाजूला पाहिलं. मग माझ्या बांगड्यांकडे पाहिलं. परत पलीकडे. उपासना चालू होती, पुनरुत्थानाची गीतं चालू होती, आणि त्या बाई एकदाही गायल्या नाहीत.

आशीर्वाद झाला. हवालदार उठले, कोट खाली ओढला. "आज आनंदाचा दिवस हाय," ते म्हणाले, "पर पंचांनी एक विषय..."

"हवालदार, बसा," आत्याबाई म्हणाल्या.

"आवं, मी पंच म्हणून..."

"बसा. मला साक्ष द्यायचीय."

साक्षीला उठलेल्याला अडवायचं नाही. पाळकसाहेबांचा चेहरा खुलला. "द्या, आई, द्या." हवालदार बसले.

आत्याबाई काठीवर उभ्या राहिल्या. या वेळी हुंदका नव्हता. आवाज भांडणातला होता. "उपासात मी हितं सांगितलं, गुडघे दुखत असताना देवानं बळ दिलं आन् मी सारवलं. मी सारवलं न्हाई. मी आले तवा सारवलेलं व्हतं. बादलीत हात बुडवला आन् घरी गेले. दर पाळीला तसंच. कुणी केलं त्ये इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मला करावं लागलं असतं."

कुणीतरी खुदकन हसलं आणि थांबलं.

"आता बापय लोकांनी जरा आपल्या बुडाखाली बघा. ही कमान माझ्या हातानं हुईल का? बांगडीची रेघ हाय का कुठं? एवढा लांब हात ह्या गल्लीत एकाचाच हाय. आन् त्याच्या नखात शेण कुठनं आलं, म्हणून मीच घरोघर इचारत फिरले."

सगळे पुरुष खाली बघत होते. बायकांच्या बाजूला तर कुणी मान वर करेना. मग मागून एक आवाज आला, "माझ्या पाळीला बी असंच झालं व्हतं." मग दुसरा. मग एका कोपऱ्यातून, "मला वाटलं, देवदूत करतोय." "देवदूत शेणात हात घालतोय व्हय गं?" अशी साक्षीची सभा मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. एकीलाही पदर डोळ्याला लावायला सवड नव्हती.

"बरं, आन् पायाची माती?" हवालदारांनी विचारलं. ते सहजासहजी हार मानणारे नव्हते.

मामी दाराजवळ बसली होती. ती उठली, सभेकडे पाठ करून उभी राहिली आणि पाठीवर हात थोपटला. "ह्या गाडीनं येत्यात. गाडी बुटकी, पाय लांब. वाटंनं घासत्यात." मग ती चालत पुढे आली, पंचांच्या सतरंजीपर्यंत, पदराची गाठ सोडली आणि हवालदारांच्या हातावर काटा ठेवला. "ह्ये तुमचं ऱ्हायलं व्हतं आमच्याकडं."

हवालदार बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. मिशीकडे हात गेला नाही. मग ते उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी आणखी एक गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला हवालदार दारात आले. पाठीवर गवंडीमामा होते. हवालदार उंच, पाय जमिनीला लागले नाहीत.

त्यांनी मामांना सतरंजीवर, स्वतःच्या जागेवर बसवलं आणि आपण उघड्या जमिनीवर बसले. पाळकसाहेबांनी मोठ्या आशेने विचारलं, "दादा, आज तरी दोन शब्द?"

मामांनी सगळीकडे नजर फिरवली. ती बायकांच्या बाजूच्या जमिनीवर येऊन थांबली. "ती बाजू कुणी सारवली, साहेब?" ते म्हणाले. "सांगा तिला, पुढच्या शनवारी शिकवीन."

मूठ चालू राहिली. खोलीही राहिली. फरक एवढाच झाला की सारवायच्या पाळ्यांत आता मामांच्या घराचीही पाळी धरली जाऊ लागली, आणि त्यांना आणायला हवालदार स्वतः जायचे. मामी पुढे बादली घेऊन चालायची, सरळ कण्याने.

त्या रविवारी घरी जाताना आत्याबाईंनी मला वाटेत थांबवलं. "खरं सांग. काल निम्मंच का सारवलंस?"

"निम्मं? मी तर सगळं एकटीने सारवलं, आत्याबाई. प्रभूने बळ दिलं."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. आणि त्यानंतर कित्येक वर्षं, प्रार्थना सुरू झाली आणि मी डोळे मिटले, की माझ्या पापण्यांच्या फटीतून मला दिसायचं: पलीकडे आत्याबाईंच्या पापण्यांनाही तेवढीच फट आहे, आणि ती माझ्याकडे वळलेली आहे.